धूळपाटीपासून मोबाईलपर्यंत : मुलांच्या अक्षरओळखीचा इतिहास

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय भेट द्यायची, यावर आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर महिनाभर चर्चा चालली होती. बघता बघता दोन तट पडले. एक तट म्हणे, प्रत्येक वर्गात डिजिटल फळा बसवू, मुलांच्या हाती टॅब देऊ, जग आता तिकडेच चालले आहे. दुसरा तट म्हणे, मोबाईलने आणि पडद्यांनीच मुलांचे वाचन-लेखन बुडवले, निदान शाळेत तरी ते नकोत, ग्रंथालयाला पुस्तके द्या. गंमत म्हणजे दोन्ही तट आपापले म्हणणे मोबाईलवरच टाइप करत होते, आणि तेही पानपानभर. शेवटी संपादक मंडळाने "तू इतिहासाचा मास्तर, तूच काय ते लिही" म्हणून हे काम माझ्या गळ्यात घातले.

इतिहास अशा भांडणात निवाडा देत नाही. पण हे भांडण आधी किती वेळा झाले आणि प्रत्येक वेळी पुढे काय घडले, एवढे तो सांगतो. मुलांना लिहायला-वाचायला मदत करणारी साधने दर पिढीत बदलत आली. त्यांतली काही खरोखर उपयोगी पडली, काहींचा नुसता गाजावाजा झाला. उपयोगी पडलेल्यांमध्ये समान काय होते, हे पाहावे म्हणून हा लेख.

धुळाक्षरे आणि पाटी

एखाद्याने कामाला नुकती सुरुवात केली की आपण म्हणतो, तो अजून धुळाक्षरे गिरवतो आहे. हा शब्द एका खऱ्याखुऱ्या साधनाची आठवण आहे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरत. मूल बोटाने किंवा काडीने त्यात अक्षर काढी, हात फिरवून फळी सपाट करी आणि पुन्हा काढी. खर्च शून्य. कागद आणि शाई ही त्या काळी जपून वापरायची चीज होती. ती मुलाच्या हाती पडायची ती अक्षर वळणदार झाल्यावर.

या धुळीने एकदा समुद्र ओलांडला. १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातील अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा होती. तिचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तिथल्या एका देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या शाळेतही तसेच करावे असे त्यांनी ठरवले, पण हाताखालच्या शिक्षकांना ते पटेना. तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका चुणचुणीत मुलालाच लहानांना शिकवायला बसवले. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या गरीब मुलांच्या शाळेत वाळूचे टेबल आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. तीच पद्धत मग 'विलायती' म्हणून आपल्याकडे परत आली. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीच्या शाळांत तिचा अवलंब झाला. आपलाच माल शिक्का मारून परत मिळण्याची ही बहुधा पहिली वेळ नसावी आणि शेवटचीही नाही.

धुळीच्या जागी एकोणिसाव्या शतकात दगडी पाटी आली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती वापरली आहे. लाकडी चौकट, एका कोपऱ्यात भोक, त्यात दोरीने बांधलेले ओले फडके. दसऱ्याला तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आपण फुले वाहिली. या पाटीचा मोठा गुण असा, की तिच्यावरची चूक टिकत नसे. वहीवर चूक झाली तर खाडाखोड दिसे आणि ती पाहून बाईंच्या कपाळावरची आठी दिसे. पाटीवर चुकले तर फडके फिरवायचे आणि पुन्हा लिहायचे. शिकणाऱ्या मुलासाठी हे स्वातंत्र्य लाखमोलाचे होते.

या स्वस्त साधनाची किंमत मात्र दुसरे कोणी मोजत होते, हेही इतिहासाने सांगायला हवे. पाटी आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींतून येई आणि पाटीवरच्या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कारखान्यांतून. तो दगड कापताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात बसून कामगारांना सिलिकोसिस होई. मंदसौरच्या पेन्सिल कामगारांमधला हा आजार पुढे वैद्यकीय अभ्यासांत नोंदला गेला. आपली धुळाक्षरे त्यांच्या छातीतल्या धुळीवर उभी होती. आज मुलाच्या हातात येणारे कुठलेही 'स्वस्त' साधन पाहताना ही गोष्ट विसरू नये.

कित्ता, मोडी आणि घरचे काम

'कित्ता गिरवणे' हाही असाच साधनातून आलेला शब्दप्रयोग. छापील किंवा गुरुजींनी घालून दिलेल्या वळणाखाली बोरूने, पुढे टाकाने, तसेच वळण काढायचे. शाईही सहज मिळत नसे. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी जो उद्योग सुरू केला, आणि ज्याला आपण पुढे कॅम्लिन म्हणून ओळखू लागलो, त्याची सुरुवात शाईच्या पुडीने आणि वड्यांनी झाली. पाण्यात वडी विरघळवली की दौत भरली. त्यानंतर फाउंटन पेन आले आणि मग बॉलपेन. बॉलपेनने अक्षर बिघडते, अशी धास्ती तेव्हा किती शिक्षकांना होती, हे आपल्यातल्या गुरुजनांना आठवत असेल. आज त्यांची जागा मोबाईलच्या धास्तीने घेतली आहे.

छापखाना आल्यावर बालबोध लिपीला बळ मिळाले. मोडीचे खिळे पाडणे अवघड होते, म्हणून मोडी पुस्तके बव्हंशी शिळाप्रेसवर निघत. तरी घरची पत्रे, सावकाराची वही, जमिनीचे कागद हे सगळे मोडीतच होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतिराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले. त्यात वाचन-लेखन, मोडी आणि बालबोध, हिशेब या गोष्टी होत्या. ज्या लिपीत शेतकऱ्याचे कर्जखत लिहिले जाते, ती त्याच्या मुलाला वाचता आली पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार उघड आहे. मुलाला अक्षर कशासाठी हवे आहे, हा प्रश्न फुल्यांनी शाळेच्या आत आणला. साधनांच्या चर्चेत हाच प्रश्न बहुतेक वेळा बाहेर राहतो.

एका पैशाची शाळा

मला विचाराल तर मुलांच्या वाचन-लेखनाला सर्वांत मोठा हात देणारे साधन शाळेसाठी बनलेलेच नव्हते. ते पोस्ट खात्याने आणले. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर आली. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा चाकरमानी राबत होता आणि त्याची माणसे गावी होती. मधला दुवा हे कार्ड.

गावी ते कार्ड वाचणार कोण? आजीला अक्षर येत नसे, आईला बहुधा नसे. मग तिसरी-चौथीतले पोर पुढे बसे. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष" अशी सुरुवात ते अडखळत वाची. पैसे किती पाठवले, बैल विकायचा की नाही, पाऊस पडला का, सगळे त्या पोराच्या तोंडून घराला कळे. एक शब्द चुकीचा वाचला तर घरात रडारड व्हायची, म्हणून ते दोनदा वाची. आणि उत्तर लिहायचे तर आजी सांगणार दहा वाक्ये, कार्डावर जागा चारांची. मग कुठले ठेवायचे, कुठले गाळायचे, हे पोरानेच ठरवायचे. सारांशलेखनाचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात आहे?

आपल्या मराठीच्या बाईंना ही ताकद नेमकी ठाऊक होती. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने त्यांच्या घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड लिहावे, असे त्यांनी सांगितले होते, आठवते? वर्गात पत्रलेखन म्हटले की जांभया देणारी आपण सगळी मुले त्या कार्डासाठी आधी रफ वहीत मजकूर लिहून पाहत होतो. कारण यावेळी गुण नव्हते, पण पत्र खरोखर जाणार होते आणि ते कोणीतरी उघडून वाचणार होते. सुट्टी संपायच्या आत प्रत्येकाला उत्तर आले आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. पस्तीस-चाळीस कार्डे बाईंनी स्वतःच्या दिवाळीत लिहिली, याचे मोल तेव्हा आपल्याला कळले नाही.

पडदा आला

मग दूरचित्रवाणी आली आणि शिक्षणतज्ज्ञांच्या आशा आकाशाला भिडल्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिच्या कार्यक्रमांनी पुष्कळ मुलांना विज्ञान, भूगोल, गोष्टी यांची गोडी लावली. २०१७ साली ती बंद झाली. या सगळ्यात मूल मुख्यतः पाहणारे आणि ऐकणारे होते. त्याला जगाची माहिती मिळाली, पण अक्षराशी त्याची गाठ पडायला वर्गात परतावे लागे.

याच पडद्याला वाचायला लावणारी एक युक्ती मात्र फार साधी निघाली. ब्रिज कोठारी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. त्यांना स्पॅनिश शिकायचे होते. त्यांच्या मनात आले, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिश ओळीच दिल्या असत्या तर संवाद नीट कळले असते. मग हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दिल्या तर देशातली माणसे गाणे ऐकता ऐकता वाचू लागतील का? पुढे अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी याचा पाठपुरावा केला. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवरच्या गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात आणि २००२ पासून देशभर 'चित्रहार'मध्ये अशा ओळी दिसू लागल्या. गायक जो शब्द उच्चारतो, त्या शब्दाचा रंग त्याच क्षणी बदलतो. गाणे आधीच पाठ असते, त्यामुळे डोळा अक्षराच्या पुढे धावतो आणि ओळखीचा आवाज ओळखीच्या आकारावर जाऊन बसतो. पुढे झी टॉकीजवरच्या मराठी चित्रपटांतही हा प्रयोग झाला.

यात नवे यंत्र काहीच नव्हते. टीव्ही घरात होता, गाणे होते, पाहणारे होते. खाली एक ओळ तेवढी वाढली.

हातातला फोन

आता आजच्या भांडणाकडे. प्रत्येक मुलाला स्वतःचे यंत्र दिले की शिक्षण आपोआप सुधारेल, हा विश्वास आपल्या राज्यातही येऊन गेला आहे. 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. याच योजनेत सर्वाधिक लॅपटॉप वाटणाऱ्या देशांत पेरू होता. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक आला, त्यांना तो चालवताही येऊ लागला, पण गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही.

आपल्या देशाचे आकडेही विचार करायला लावतात. 'असर' या पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण ७४.८ टक्के झाले. त्याच काळात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण २७.३ वरून २०.५ टक्क्यांवर आले. मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे या घसरणीचा दोष फोनच्या माथी मारता येणार नाही. पण घरात फोन आल्याने बंद शाळेची भरपाई झाली नाही, एवढे यातून नक्की दिसते.

मग फोनने भाषा बिघडतेच का? तसेही दिसत नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांची मोबाईलवरची लघुरूपे तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की जी मुले अशी मोडतोड केलेली स्पेलिंगे जास्त वापरत, ती वाचनात मागे नव्हती, उलट बरी होती. शब्द मोडायचा तर त्याचा ध्वनी आधी कानाला नीट कळावा लागतो, हे त्याचे एक कारण.

मराठीच्या बाबतीत तर फोनचा की-बोर्ड हा व्याकरणाचा छोटा वर्गच आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने असतात. 'क्ष' लिहायचा तर क, हलन्त आणि ष अशा तीन कळा दाबाव्या लागतात. 'ज्ञ' मध्ये ज आणि ञ लपले आहेत, हे नातवंडांना टाइप करताना पहिल्यांदा कळते. आपल्याला ते कळायला संस्कृतचा तास लागला होता. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा, यांतला फरक बोलताना चटकन सांगता येत नाही. की-बोर्डवर मात्र दोन्हींसाठी वेगळ्या कळा दाबाव्या लागतात. रोमन लिपीत मराठी लिहिणारे मूल या सगळ्याला मुकते. म्हणून घरच्या फोनवर मराठी की-बोर्ड सुरू करून देणे, हे कुठल्याही महागड्या अॅपपेक्षा मोलाचे काम आहे, आणि ते दोन मिनिटांत होते.

२०१७ पासून फोनला मराठी बोलून लिहिताही येते. आळशी मुलाला ही सोय वाटेल, पण तिचा दुसरा उपयोग आहे. मुलाने गोष्ट सांगावी, फोनने ती लिहावी आणि मग मुलाने फोनच्या चुका शोधाव्यात. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले, पूर्णविराम कुठे हवा होता, 'पाणी' म्हटले तर 'पानी' का उमटले. स्वतःच्या वहीतल्या चुका दाखवल्या की मुले रुसतात. यंत्राच्या चुका काढायला त्यांना फार आवडते.

अशा वापरात मध्ये कोणीतरी जाणते माणूस लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पालकांचा फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो चौकोनी कोड कोणालाही छापता येतो. पण माझ्या वर्गातल्या मुलाच्या घरी काय आहे आणि त्याला कशाची गरज आहे, हे आधी गुरुजींनी पाहिले होते.

तर मग भेट काय द्यायची?

वर सांगितलेली जी साधने कामाला आली, ती सगळी स्वस्त होती, घराच्या आवाक्यातली होती. त्यांनी मुलाला स्वतः काहीतरी करायला लावले. धुळीत बोट त्याचे, कार्ड वाचणारा आवाज त्याचा, गाण्याखालच्या ओळीवरून धावणारा डोळा त्याचा. आणि पोस्टकार्डाच्या बाबतीत पलीकडे वाट पाहणारे माणूस होते. डिजिटल फळा वाईट नाही. पण त्याच्यापुढे चाळीस मुले नुसती बसणार असतील, तर आपण वर्गणी काढून शाळेला एक मोठा टीव्ही दिला, एवढेच होईल. आणि पुस्तकांचे कपाट देऊन त्याला कुलूप लागणार असेल, तर दुसऱ्या तटाचेही तेच होईल.

म्हणून दोन्ही तटांपुढे माझा तिसरा प्रस्ताव आहे. जमलेल्या पैशांतून पुस्तके घ्यावीत, हवा तर एक पडदाही घ्यावा, आणि त्यावर गाणी लावली तर खाली मराठी ओळी असतील असे पाहावे. पण खरी भेट म्हणून आपण स्वतःला द्यावे. शाळेतल्या चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला आपल्यापैकी एक वाचणारा मिळावा. महिन्यातून एकदा त्या मुलाने आपल्याला चार ओळी लिहाव्यात, पोस्टकार्डावर किंवा बाईंच्या देखरेखीखाली शाळेच्या फोनवर, पण मराठीत, देवनागरीत. आपण प्रत्येकाने त्याला उत्तर द्यावे, वेगळे उत्तर, कॉपी-पेस्ट नको. आपण पुण्यात, मुंबईत, आखातात, अमेरिकेत विखुरलो आहोत, ही यात अडचण नसून सोयच आहे. कतारमधल्या उन्हाळ्याबद्दल सातवीतल्या मुलीने प्रश्न विचारावा आणि तिथे राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीने तिला सांगावे, यासारखा भूगोलाचा तास नाही. सगळी पत्रे शाळेच्या पत्त्यावर यावीत-जावीत, म्हणजे मुलांचे पत्ते आणि नंबर बाहेर जाणार नाहीत.

याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ लागतो. आपल्यातले बरेचजण आता निवृत्त झाले आहेत, म्हणजे तोही आहे. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर यासाठी एक वेगळी वही ठेवली आहे. तीत नाव लिहावे. गुरुजनांनीही लिहिले तर दुधात साखर. शुद्धलेखनाची धास्ती वाटत असेल, तर आपल्या मराठीच्या बाई त्या दिवशी येणार आहेत आणि लाल पेन घेऊन येईन, असे त्यांनी कळवले आहे.